सूमानच्या जागेवर

ह्वेईरूला उभ्या जन्मात कुणी आपणहून बोलावलं नव्हतं. मी कुत्सितपणे म्हणत नाही, आहे ते सांगते. तिचं लग्न जमलं ते थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या माणसाशी, कारण बहिणीनं नाक मुरडलं. नोकऱ्या लागल्या त्या आधी निवडलेलं माणूस आलं नाही म्हणून. डाव मांडताना चौथा भिडू कमी पडला की लोकांना ह्वेईरूची आठवण व्हायची. म्हणून त्या सकाळी माझ्या दुकानात तिचा फोन वाजला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, “फान ह्वेईरू मॅडमच ना? तुमच्याबद्दल फार ऐकलंय,” तेव्हा ती म्हणाली, “राँग नंबर.” आणि फोन ठेवून दिला.

फोन परत वाजला. तिचे हात तेलकट होते, म्हणून मीच बोट दाबून स्पीकर लावला.

तैपेईला लागून सानचुंगला भाजीबाजाराच्या मागं माझं नाश्त्याचं दुकान आहे. अंड्याचं धिरडं, मुळ्याच्या वड्या, सोयाचं दूध. मी आलियन. गिऱ्हाइकं मला तोंडाळ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. ह्वेईरू ऑफिसला जाताना रोज यायची आणि तव्यासमोरच्या उंच स्टुलावर बसायची. दुकानदारांची पत्रकं छापणारी एक टीचभर कंपनी होती, तिथं ती जाहिरातींचा मजकूर लिहायची. मालकानं सांगून टाकलं होतं की महिनाअखेरीला शटर ओढणार. ह्वेईरू तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. आमच्या तैपेईत या वयाच्या बाईला मार्केटिंगमध्ये कोण दारात उभं करतं? तिनं अर्ज करकरून झाले होते. उत्तर म्हणून ‘नाही’सुद्धा कुणी कळवलं नव्हतं.

“मी थांग,” फोनमधला माणूस म्हणाला. “कंपन्यांना माणसं शोधून देतो. एका मोठ्या कंपनीत मार्केटिंग प्रमुखाची जागा आहे. तुमच्याच नावाची शिफारस झाली आहे.”

“माझ्या? कुणी केली?”

“त्या जागेवर आधी ज्या होत्या त्यांनीच. मागं एकदा त्यांच्याशी बोलणं झालं होतं. म्हणाल्या होत्या, मी कधी सोडली ना, तर ह्वेईरूला बोलवा. दुसरं कुणी नको.”

“कुठली कंपनी?”

त्यानं नाव सांगितलं. अंगातली उष्णता उतरवणाऱ्या गार काढ्याचे डबे करणारी कंपनी. तिचे डबे माझ्याही फ्रीजमध्ये आहेत. ह्वेईरूच्या हातातल्या खायच्या काड्या तशाच राहिल्या आणि माझं धिरडं तव्यावर करपलं. कारण त्या जागेवर आधी होती ती आमची सूमान, आणि सूमानला जाऊन हिवाळा, वसंत, दोन्ही उलटले होते.

थांगला ती गेल्याचं ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. “सोडली” एवढंच म्हणत होता.

आम्ही तिघी एका खोलीत राहायचो, नोकरीला लागलो तेव्हा. एक पंखा, एक आरसा, तीन गाद्या. तिघीही एकाच जाहिरात कंपनीत. मी सहा महिन्यांत साहेबाला दोन शब्द सुनावून बाहेर पडले. ह्वेईरू रखडली. सूमान मात्र वर चढत गेली. हुशार होतीच, पण हुशार तर पुष्कळ असतात. सूमानचं वेगळंच होतं. साहेबानं “काम झालं, घरी जा,” असं म्हटल्याशिवाय ती खुर्चीतून उठायची नाही. सगळं ऑफिस रिकामं होईल, जिना झाडून होईल, हिच्या टेबलावरचा दिवा चालूच. मी चिडायची. “अगं, साहेब विसरला असेल! तू काय बांधलेलं वासरू आहेस?” ती हसायची. “त्यानं म्हणायला हवं गं. त्याशिवाय मला सुटल्यासारखं वाटत नाही.” बूट टेबलाखाली काढून ठेवायचे, पाय खुर्चीच्या दांडीवर, कानशिलाला डोकेदुखीचं हिरवं तेल. अशीच ती माझ्या डोळ्यांपुढं आहे.

तर अशी सूमान त्या हिवाळ्यात गेली. कंपनीनं तिच्या आईला कळवलं की ऑफिसच्या फाटकातून बाहेर पडताना चक्कर आली, हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांनी शर्थ केली, तिथं गेली. आई तोउलिऊजवळच्या खेड्यात लसणाची शेती करते. एकटी बाई. तिनं ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

माणूस घराबाहेर वारलं की जिथं शेवटचा श्वास घेतला तिथं जाऊन त्याला हाक मारायची आणि हाक मारत मारत घरी आणायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हाक चुकीच्या जागी मारली तर ते येणार कसं? आम्ही हॉस्पिटलच्या दाराशी गेलो. पुजाऱ्यानं लाकडाचे दोन अर्धे चंद्र जमिनीवर टाकले. एक पालथा आणि एक उताणा पडला की माणूस ‘येते’ म्हणतं. दोन्ही पालथे पडले. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. पुजाऱ्याला दुसरीकडं जायचं होतं. तो टाकतच राहिला, टाकतच राहिला, आणि कधीतरी एकदाचे ते हवे तसे पडले. “आली, आली, चला,” म्हणाला. मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण अशा वेळी माझं तोंडही चाललं नाही.

हॉस्पिटलनं तिचे कपडे दिले, पर्स दिली. बूट दिले नाहीत. म्हणाले, गाडीत चढवताना कुठं पडले असतील.

आणि त्यानंतर काकूंना, म्हणजे सूमानच्या आईला, स्वप्न पडायला लागलं. एकच स्वप्न, पुन्हा पुन्हा. सूमान अंगणाबाहेर उभी आहे, अनवाणी. काकू म्हणतात, आत ये. ती म्हणते, कशी येऊ, अजून सुटले नाही. तिला पोचावेत म्हणून काकूंनी कागदाचे बूट आणून तिच्या नावानं जाळले. एकदा नाही, कितीदा तरी. पोरगी अनवाणीच यायची. फोनवर सांगताना काकू रडायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, “आलियन, माझं काय चुकलं असेल गं?”

हे सगळं माहीत असताना ह्वेईरू म्हणाली, “मी मुलाखतीला जाणार.”

“डोकं फिरलंय का तुझं? पंचांगातला सातवा महिना तोंडावर आलाय. या महिन्यात लोक साधं घर बदलत नाहीत, आणि तू मेलेल्या मैत्रिणीच्या खुर्चीत बसायला निघालीस?”

“महिनाअखेर मी घरी बसणार आहे, आलियन. भाडं तू भरशील?”

“भरीन!”

“मला माहितेय भरशील. पण ते नाही.” ती काड्या पुसत राहिली. “मला कुणीतरी बोलावलंय गं. नाव घेऊन. तुला नाही कळायचं, तुला सगळे बोलावतात.”

 कपाळ माझं.

पहिली मुलाखत सुरळीत पार पडली. ऑफिस चकचकीत, सगळी तरुण पोरं, काचेच्या भिंती. एका पोरीनं प्रश्न विचारले, ह्वेईरूनं उत्तरं दिली. परत आली ती थेट माझ्याकडं. दुकान बंद करून मी तवा खरवडत होते.

“कसं झालं?”

“चांगलं.” पर्स स्टुलावर ठेवत म्हणाली, “काचेतून तिची जागा दिसत होती. खिडकीजवळची. रिकामीच आहे. टेबलावरचा दिवा चालू होता, भर दुपारी.”

“कुणीतरी लावला असेल.”

“मीही तेच म्हणाले. तर ती पोरगी म्हणाली, लावत नाही कुणी, आम्ही बंद करून जातो. आणि आलियन, तिथं हिरव्या तेलाचा वास येत होता.”

“तैपेईतली अर्धी माणसं ते तेल लावतात,” मी म्हणाले. पण तव्यावरचा तोच डाग मी तिसऱ्यांदा खरवडत होते.

त्या संध्याकाळी तिनं थांगला फोन करून खडसावून विचारलं, तेव्हा त्यानं कबूल केलं की मधल्या काळात दोघांना त्या जागेवर बसवलं होतं. दोघंही नोकरी सोडून गेली. “हवा मानवली नाही त्यांना,” म्हणाला. “म्हणून तर आता कंपनीच्या लाई साहेबांना ओळखीतलं माणूस हवंय. तुमच्यावर ते खूश आहेत. दुसरी मुलाखत म्हणजे नुसता उपचार समजा.”

मी तिला पुन्हा सांगून पाहिलं. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. पण ह्वेईरूच्या चेहऱ्यावर मी तसला उजेड आधी कधी पाहिला नव्हता. नवा कोट घेतला होता. केस कापले होते. स्टुलावर बसून काचेत स्वतःकडं बघत होती. तिला अडवणं म्हणजे लहान मुलाच्या हातातलं खाणं काढून घेणं. मी सोडून दिलं.

दुसरी मुलाखत सातव्या महिन्यात आली. त्या दिवशी नेमकी कंपनीची पूजा होती. या महिन्यात ज्यांना घर नाही, ज्यांचं कुणी नाही, ते सगळे बाहेर फिरत असतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, दुसरं नाव घेत नाही. प्रत्येक ऑफिस आपल्या दारापुढं टेबलं मांडतं आणि त्यांना जेवू घालतं. त्या कंपनीच्या दारातही टेबलं मांडली होती. फळं, नूडल्स, बिस्किटं, आणि काढ्याच्या डब्यांचे मनोरे. हात धुवायला पाण्याची बादली, नवा टॉवेल. ह्वेईरू उदबत्तीच्या धुरातून वर गेली.

पुढचं मला तिनं नंतर सांगितलं.

लाई साहेब म्हणजे कंपनीचे संचालक. साठीचे, मनगटात जपाची माळ, आवाज मऊ. “आमचा डबा तरुण मुलं का घेतील, सांगा बरं,” त्यांनी विचारलं.

“घेणार नाहीत,” ह्वेईरू म्हणाली. “त्यांच्या आया घेतील. पोर लांब राहतं. आई फोनवर विचारते, जागरण करतोस ना, उष्णता झाली असेल. पोरगं म्हणतं, काही नाही गं झालं. ते फोनवरचं बोलणंच डब्यावर छापा. आईनं पोराला पाठवायचा डबा.”

लाई साहेब टाळी वाजवायचेच बाकी होते. “वा! अगदी चान बोलल्यासारखं वाटलं.” चान म्हणजे सूमान. “अगदी तिचंच डोकं. थांगनं माणूस बरोबर शोधलंय.”

ह्वेईरूला बरं वाटलं. हे आपल्याला सुचलं की आपल्याला कुणी सुचवलं? तिचं तिलाच कळेना.

“ही जागा रिकामी का झाली?” तिनं विचारलं. मुलाखतीत विचारतातच सगळे.

लाई साहेब उठले आणि तिला बाहेर त्या खिडकीजवळच्या टेबलाशी घेऊन गेले. टेबल स्वच्छ होतं, दिवा चालू होता. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जुन्या सुबक वस्तूवर ठेवावा तसा. “अशी माणसं आता राहिली नाहीत, फान मॅडम. मी त्या दिवशी दक्षिणेला गेलो होतो. हिला म्हणालो होतो, मी येईपर्यंत बघून ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर ही इथंच. डोकं टेबलावर, हात कीबोर्डवर. मला वाटलं, झोपलीय. गार पडली होती. पण काम पाहाल तर पूर्ण! एक ओळ राहिली नव्हती. मी नव्या पोरांना नेहमी सांगतो, निष्ठा म्हणजे ही.”

बढाई मारण्याच्या भरात माणूस काय बोलून जातो, बघा. फाटकातली चक्कर नाही. हॉस्पिटल नाही. डॉक्टरांची शर्थ नाही. पोरगी या खुर्चीत गेली होती आणि त्यांनी तिला गुपचूप उचलून हॉस्पिटलात नेऊन ठेवलं होतं. आणि आम्ही वेड्यासारखे हॉस्पिटलच्या दाराशी उभे राहून तिला हाका मारत होतो.

ह्वेईरू खाली वाकली. टेबलाखाली, अगदी आत भिंतीशी, तपकिरी बूट होते. टाचा दबलेल्या.

“कुणी काढले नाहीत?” तिनं विचारलं.

लाई साहेबांचा चेहरा जरा उतरला. “सफाईवाल्या हात लावत नाहीत. तुम्ही रुजू झालात की फेकून द्या. तर मग, मॅडम, जागा तुमची. एकच विनंती. जुन्या गोष्टी उकरायच्या नाहीत. तिच्या आईलाही आता शांतता हवी आहे.”

जागा तुमची. आयुष्यभर तिला हे दोन शब्द ऐकायचे होते. ती म्हणाली, “मी एक मिनिट हात धुऊन येते.” बाथरूममधून तिनं मला फोन केला. “आलियन, काळी छत्री घेऊन ये. आत्ता. काही विचारू नकोस.” तिचा आवाज ऐकून मी भांड्यातलं पीठ तसंच टाकलं आणि टॅक्सी केली.

ती परत टेबलापाशी गेली. पर्समधून दोन नाणी काढली. लाकडाचे चंद्र नसले तर नाणी चालतात. खुर्चीपुढं गुडघ्यांवर बसली, नवा कोट घालून, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “चान सूमान, मी फान ह्वेईरू. तुला घ्यायला आलेय. घरी चल.”

नाणी टाकली. दोन्ही एकसारखी पडली. नाही.

“फान मॅडम! हे काय चालवलंय?” लाई साहेब म्हणाले. पण पुढं येऊन हात धरायची त्यांची छाती झाली नाही. सातवा महिना, खाली टेबलं मांडलेली, धूर वर येतोय. कुणाची होईल? पोरंपोरी आपापल्या जागी उभी राहिली. कुणीतरी हात जोडले.

“सूमान, काकू वाट बघतायत. बूट मी घेते. चल.” पुन्हा नाही.

तिसऱ्यांदाही नाही. ह्वेईरू तिथंच बसून राहिली. हातात दोन नाणी. आणि मग तिला आमची जुनी खोली आठवली, एक पंखा, एक आरसा, आणि सूमानचं ते हसून बोलणं. तिनं मान वर करून लाई साहेबांकडं पाहिलं.

“तुम्ही म्हणा.”

“मी? काय म्हणू?”

“काम झालं, घरी जा. एवढंच. तुम्ही म्हटल्याशिवाय ती उठायची नाही. जन्मात कधी उठली नाही.”

लाई साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माळेचे मणी बोटांत गरगर फिरत होते. “हे… मी कसं… लोक बघतायत,” असं काहीतरी पुटपुटले. कोपऱ्यातली एक पोरगी रडत म्हणाली, “म्हणा ना साहेब. एवढंच तर म्हणायचंय.”

मग तो माणूस त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून, घसा खाकरून म्हणाला, “चान. काम झालं. घरी जा.”

ह्वेईरूनं नाणी टाकली. एक पालथं पडलं, एक उताणं.

टेबलावरचा दिवा गेला की नाही ते विचारू नका. काही पोरं म्हणतात गेला. ह्वेईरू म्हणते, मी बघितलंच नाही, मी तिचे बूट बाहेर काढत होते. तिनं ते पोटाशी धरले आणि उठली. आणि तेव्हा लाई साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं, सुटकेचा एक लांब श्वास सोडला, आणि विचारलं, “मग… सोमवारपासून येऊ शकाल ना तुम्ही?”

असला माणूस! बाई आत्ता कुठं उठून चाललीय, खुर्ची अजून गार झाली नाही, आणि याला दुसरी हवी.

ह्वेईरूनं उत्तर दिलं नाही. एकदा हाक मारून घेतलं की वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसतं. फक्त सोबत असलेल्या माणसाशी बोलायचं, नाहीतर ते मागं राहतं. मी खाली टेबलांपाशी छत्री घेऊन उभी होते. ती जिन्यानं येताना मला ऐकू आलं, “सूमान, पायरी आहे. सूमान, वळायचंय. सूमान, दार आलं.” मला काही सांगावं लागलं नाही; घरी न्यायच्या गेलेल्या माणसाला ऊन लागू द्यायचं नसतं. बुटांवर मी छत्री उघडली. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावरची माणसं आपसूक बाजूला झाली.

तोउलिऊच्या गाडीची आम्ही तीन तिकिटं काढली. खिडकीजवळ बूट, मध्ये ह्वेईरू, कडेला मी. एक भला माणूस आला, म्हणाला, “खिडकीची जागा रिकामी आहे का?”

“डोळे फुटले का? बसल्यात ना बाई तिथं!” मी खेकसले. त्यानं बूट पाहिले, मिटलेली काळी छत्री पाहिली, हात जोडले आणि पुढच्या डब्यात निघून गेला.

ह्वेईरूचा फोन वाजत होता. थांगचं नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती, कोटाच्या बाहीवर किमतीचं लेबल अजून तसंच होतं. फोन थरथरत तिच्या मांडीवरून घसरायला लागला. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मी पाहिलं की तिनं पाहिलं. चोशुई नदीचा पूल सुरू झाला तशी तिनं मान खिडकीकडं वळवली. “सूमान, पूल आला. खाली बघू नकोस. माझ्या मागोमाग ये.” तो पूल लांबलचक आहे. ती तो संपेपर्यंत बोलत होती.

काकू अंगणात उभ्या होत्या. स्टेशनवरून मी निरोप दिला होता, “आणतोय,” एवढाच. पायाशी लसणाच्या अर्धवट विणलेल्या वेण्या पडल्या होत्या. ह्वेईरूनं बूट पुढं केले. काकूंनी ते घेतले, तळव्यानं पुसले, दबलेल्या टाचा अंगठ्यानं वर ओढून सरळ करायला बघितल्या. मग उंबऱ्याशी ठेवले, टोकं घराच्या आत करून.

“एवढा उशीर करतात का गं?” त्या म्हणाल्या. “सगळं निवलं. बस जेवायला.”

तोवर न रडलेली ह्वेईरू तिथं हंबरडा फोडून रडली. काकूंनी तिच्यापुढंही वाटी ठेवली.

काकूंना ते स्वप्न पुन्हा पडलं नाही. सकाळी ह्वेईरूनं थांगला फोन लावला आणि जागा नको म्हणून सांगितलं. तो गयावया करायला लागला, लाई साहेब पगार वाढवायला तयार आहेत म्हणाला. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. “सूमाननं माझं नाव दिलं तेव्हा आणखी काय म्हणाली होती?”

तो म्हणाला, “काही खास नाही. मी विचारलं होतं, तिलाच का? तर हसून म्हणाल्या, तिला बोलावलं की ती येते.”

त्या खुर्चीत आता दुसरी कुणीतरी बसते म्हणे. तरुण पोरगी, ताइनानकडची. तिचे आईवडील कुठं आहेत, मला माहीत नाही.

ह्वेईरू माझ्या दुकानात आहे. धिरडी अजून फाडते. पण फळ्यावर असलं काही लिहिते की लोक उभे राहून वाचतात आणि आत येतात. दुपारी तवा धुऊन झाला, खुर्च्या उलट्या ठेवून झाल्या, की ती ॲप्रन घालून तशीच उभी असते. सुरुवातीला मी चेष्टेनं म्हणायची, “काम झालं, घरी जा.” ती हसायची. आता हसत नाही. मी म्हणेपर्यंत जागची हलत नाही. एकदा मी बाजारात गेले आणि विसरले. परत आले तर अंधार पडला होता आणि ही ओट्याशी तशीच उभी, बूट काढून, अनवाणी.

त्या दिवसापासून मी कुठंही असले तरी दुपारी फोन करून म्हणते.